एका छत्रीची गोष्ट सांगणारा लेखक



घरोघरी घडणारा एक प्रसंग आहे. दुपारची भांडी घासून झालेली असतात, धुणे वाळत पडलेले असते आणि घरातली लेक भिंतीला पाठ टेकून पुस्तक उघडते. पुस्तक वाचनालयातले, शंभर हातांतून फिरून आलेले, पहिली दोन पाने गळालेली. तेवढ्यात वडील किंवा थोरला भाऊ येतो. वरचे चित्र बघतो. चित्रात एक तरुण, एक तरुणी आणि मागे मावळता सूर्य. "हे काय वाचतेस? अभ्यासाचं वाच काहीतरी!" पुस्तक फळीवर जाऊन पडते. मुलगी गप्प बसते. आणि आपण फार मोठे कर्तव्य पार पाडले, अशा समजुतीने भाऊराया चहा मागतात.

अशा भाऊरायांसाठी आज आम्ही केरळातील एका लेखकाची हकीकत सांगणार आहोत. या लेखकाने आयुष्यभर बहुतांशी प्रेमकथाच लिहिल्या. विद्वानांनी त्याला हसून घेतले. त्याच्या एका कादंबरीच्या नावातला शब्द उचलून त्यांनी त्याची शिवी बनविली. पण ज्यांच्या घरात त्यापूर्वी पंचांग आणि प्रार्थनेचे पुस्तक यांखेरीज छापील कागद नव्हता, अशा हजारो घरांत पहिली कादंबरी गेली ती याच लेखकाची. त्याचे नाव मुट्टत्तु वर्की.

मास्तर, हिशेबनीस, पत्रकार

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात चंगनाशेरी नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. तेथून जवळच चेत्तिपुळा नावाचे खेडे. २८ एप्रिल १९१३ रोजी तेथील एका शेतकरी ख्रिस्ती कुटुंबात वर्की यांचा जन्म झाला. शिक्षण झाल्यावर चंगनाशेरीच्याच एका शाळेत ते मास्तर झाले. परंतु मास्तराच्या पगारात घर भागेना. म्हणून ती नोकरी सोडून ते लाकडाच्या कारखान्यात हिशेब लिहावयास गेले. आम्ही स्वतः कारकुनी करून दिवस काढले आहेत. त्यामुळे दिवसभर घनफुटांचे आकडे मांडून रात्री कंदिलाशी कथा लिहावयास बसणारा हा हिशेबनीस आम्हांस पहिल्या भेटीतच आपला वाटला.

वर्कींनी आरंभ केला तो कवितेपासून. 'आत्मांजली' हे त्यांचे पहिले पुस्तक काव्याचे होते. त्या काळी कोट्टायममध्ये एम. पी. पॉल नावाचे मोठे समीक्षक होते. बशीरसारख्या लेखकाच्या पाठीवर हात ठेवणारे हे गृहस्थ. त्यांनी वर्कींना गद्याकडे वळण्याचा सल्ला दिला, आणि तो सल्ला फळाला आला. पॉल यांच्या खाजगी विद्यालयात वर्कींनी काही काळ शिकविले. पुढे ते 'दीपिका' या कोट्टायमच्या दैनिकात गेले. हे पत्र १८८७ साली निघालेले, मल्याळममधील जुन्यांत जुन्या पत्रांपैकी एक. तेथे त्यांनी १९४८ ते १९७४ अशी २६ वर्षे नोकरी केली.

म्हणजे हा लेखक काही रियासतीच्या गादीवर बसून लिहीत नव्हता. दिवसा वृत्तपत्राची कामे आणि उरल्या वेळात कादंबरी, असा त्याचा संसार होता. अशा उरल्या वेळात त्याने ऐंशीच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. शिवाय कथा, नाटके, भाषांतरे, चरित्रे वेगळीच. एकूण पुस्तके सव्वाशेच्या वर जातात. लेखन ही लहर आहे, स्फूर्ती आल्याशिवाय लेखणी उचलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

गाणे न गाणारा राघू

१९५५ साली वर्कींची 'पाडात्त पैंकिळी' ही कादंबरी आली. पैंकिळी म्हणजे कोवळा, हिरवागार राघू. पाडात्त म्हणजे न गाणारा. न गाणारा राघू! कथा साधी होती. लूसी ही गरीब घरातली मुलगी, तंगच्चन हा श्रीमंत घरातला मुलगा. दोघांचे प्रेम जडते आणि मध्ये येतो पैसा. एवढेच. पण ही कथा घरोघर गेली. १९५७ साली तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट निघाला, प्रेम नझीर आणि मिस कुमारी यांचा. त्या वर्षीचा उत्कृष्ट मल्याळम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

मग रांगच लागली. 'इणप्रावुकळ' १९६५ साली, 'स्थानार्थी सारम्मा' १९६६ साली, 'वेळुत्त कत्रीना' १९६८ साली, 'करकाणाक्कडल' आणि 'लोरा नी एविडे' १९७१ साली पडद्यावर आले. वर्कींच्या वीसहून अधिक कादंबऱ्यांचे चित्रपट झाले. 'स्थानार्थी सारम्मा' या नावाचा अर्थ 'उमेदवार सारम्मा'. स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा देणारी घटनादुरुस्ती १९९२-९३ सालची. त्याआधी पाव शतक प्रेमकथा लिहिणाऱ्या या माणसाने एका बाईला निवडणुकीला उभे केले होते, हे विसरून चालणार नाही.

आता 'पैंकिळी' या शब्दाची गंमत पाहा. मल्याळम भाषेत 'किळिप्पाट्टु' म्हणजे राघूचे गाणे, असा एक प्राचीन काव्यप्रकार आहे. त्यात कवी राघूला विनवितो आणि राघू रामायण-महाभारताची कथा सांगतो. एळुत्तच्छन या महाकवीने हा प्रकार गाजविला. राघूच्या तोंडी देवादिकांची कथा आली तेव्हा तो राघू पूज्य ठरला. राघूच्या तोंडी कष्टकऱ्याच्या मुलीचे प्रेम आले, तेव्हा मात्र तोच राघू हलका ठरला! 'पैंकिळी साहित्य' म्हणजे सवंग, रडवे, बायकी साहित्य असा अर्थ विद्वानांनी रूढ केला. आज केरळात कुणी जरा भावविवश बोलले तरी त्याला 'पैंकिळी' म्हणून चिडवतात. २०२५ साली तर याच नावाचा एक चित्रपटही निघाला. मूळ कादंबरी न वाचलेल्या पोराच्या तोंडातही हा शब्द आहे. लेखकाच्या वाट्याला असे अमरत्व क्वचितच येते, मग ते कौतुकाचे असो की टवाळीचे!

हे वाचक आले कोठून?

वर्कींचे वाचक कोण होते? रबराच्या मळ्यावर झाडांना चिरा देणारे मजूर, शिवणकाम करणाऱ्या मुली, शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणी, बसचे वाहक, दुकानातले पोरे. साप्ताहिकातून कथा क्रमशः येई. एकाने मोठ्याने वाचावे आणि चारचौघांनी ऐकावे. प्रकरण ऐन प्रसंगावर तुटे, की पुढचा आठवडा अंदाज बांधण्यात जाई. तिचे लग्न होईल का, त्याचे पत्र तिला मिळेल का? ज्याला वाचता येत नसे त्याला, आपल्यालाही येते तर काय बहार झाली असती, असे वाटू लागे. साक्षरतेच्या कोणत्याही भिंतीपत्रकात एवढी ताकद नसते.

हे वाचक आकाशातून पडले नव्हते. त्यांच्यामागे मोठा लढा होता. अय्यनकाळी यांचे नाव आपल्या वाचकांस नवे नाही. पुलया समाजाच्या मुलांना शाळेत बसू देत नव्हते, तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी या पुरुषाने शेतमजुरांचा संप घडविला. आमची मुले शाळेत नाहीत तर तुमच्या शेतात आम्ही नाही, असा तो खडा सवाल होता. पंचमी नावाच्या मुलीला त्यांनी हाताला धरून शाळेत नेले, तर सवर्णांनी ती शाळाच जाळली. १९३७ साली गांधीजी भेटावयास आले असता, आपल्या समाजात दहा बी.ए. झालेले पाहावेत एवढीच इच्छा अय्यनकाळींनी बोलून दाखविली. अक्षराची अशी भूक असलेली ती भूमी होती.

दुसरीकडे ग्रंथालयांची चळवळ उभी राहत होती. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने अंबलप्पुळा येथे ४७ वाचनालयांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि गावोगाव वाचनालये उघडू लागली. त्याच साली कोट्टायममध्ये बारा लेखकांनी मिळून १२० रुपये भांडवलावर लेखकांची सहकारी संस्था काढली. माणशी दहा रुपये! वर सांगितलेले एम. पी. पॉल हे तिचे पहिले अध्यक्ष. प्रकाशकाच्या दाराशी उभे राहण्याऐवजी लेखकांनीच आपली पुस्तके छापावी आणि विकावी, लेखकाला त्याचा वाजवी हिस्सा मिळावा, हा तिचा हेतू. शाळा झाल्या, वाचनालये झाली, छापखाने झाले. आता प्रश्न उरला तो हाच की नव्याने वाचावयास शिकलेल्या माणसाने वाचावे काय? महाकाव्य त्याला कळत नव्हते आणि समीक्षा त्याच्यासाठी लिहिलेली नव्हती. त्या रिकाम्या जागेत वर्की येऊन बसले.

तकळी शिवशंकर पिळ्ळै, केशवदेव, बशीर ही थोर मंडळी त्याच काळात लिहीत होती. तकळींची 'रंडिडंगळी' ही शेतमजुरांच्या जीवनावरची कादंबरी १९४८ सालची. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण दिवसभर चिखलात राबलेल्या माणसाला रात्री पुन्हा चिखलच वाचावासा वाटेल, असा आग्रह धरता येत नाही. त्याला जरा चांदणेही हवे असते. ते मागण्याचा त्याला हक्क आहे.

प्रेमकथेच्या आत हिशेबाची वही

वर्कींच्या कथेत गरीब मुलगी आणि श्रीमंत मुलगा हा सांधा पुनःपुन्हा येतो. टीकाकार म्हणत, ही स्वप्नरंजनाची युक्ती आहे. पण जरा कायदा उघडून पाहू या. त्या मुलखातील ख्रिस्ती कुटुंबांना १९१६ सालचा त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायदा लागू होता. बापाने मृत्युपत्र केले नसेल तर मुलीचा वाटा किती? मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती! बापाकडे लाखाची इस्टेट असो, लेकीला पाच हजारांवर दमडी नाही. जे काय मिळावयाचे ते लग्नात हुंडा म्हणून, आणि तेही जाणार सासरच्या तिजोरीत.

कोट्टायममध्ये शाळा चालविणाऱ्या मेरी रॉय या बाईंनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९८६ साली निकाल लागला आणि ख्रिस्ती मुलींना भावाच्या बरोबरीचा वाटा मिळाला. म्हणजे 'पाडात्त पैंकिळी' आली तेव्हापासून पुढे तीस वर्षे, बिनहुंड्याच्या मुलीला सून करून घेणार का, हा त्या समाजात जीवनमरणाचा प्रश्न होता. वरवर प्रेमकथा दिसते, पण तिच्या आत हिशेबाची वही आहे. वाचणाऱ्या मुली रडत होत्या त्या कादंबरीतल्या लूसीसाठी, आणि तितक्याच स्वतःसाठीही.

छत्री

वर्कींच्या सगळ्या लेखनात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती मात्र प्रेमकथा नव्हे. ती मुलांसाठी लिहिलेली लहानशी कादंबरी आहे. तिचे नाव 'ओरु कुडयुम कुंञुपेंगळुम', म्हणजे 'एक छत्री आणि धाकटी बहीण'.

गोष्ट अशी. बेबी आणि लिली ही गरिबाघरची भावंडे. बेबी थोरला, लिली धाकटी. केरळचा पाऊस म्हणजे आपल्या कोकणासारखा, सुरू झाला की थांबायचे नाव नाही. लिलीला छत्री नाही. शाळेच्या वाटेवर पाऊस गाठतो. वर्गातली ग्रेसी ही श्रीमंताची मुलगी नवी छत्री घेऊन चाललेली असते. लिली तिच्या छत्रीखाली शिरू पाहते. ग्रेसी तिला बाहेर ढकलते. लिली भिजत उभी राहते. बेबीला हे कळते तेव्हा त्याच्या डोक्यात तिडीक जाते. तो ग्रेसीला दगड मारतो, तिला लागते. आता मार बसणार या भीतीने पोरगा घर सोडून पळतो. जाताना बहिणीला वचन देऊन जातो की, तुझ्यासाठी छत्री घेऊनच परत येईन. पुढे परक्या शहरात त्याची उपासमार होते, ठेचा खातो, चांगली माणसे भेटतात, चांगल्या घरात आसरा मिळतो, आणि शेवटी तो छत्री घेऊन परततो.

केरळात पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही गोष्ट वाचली. आमच्या वाचकांना तिचा अर्थ समजावून सांगावयास हवा काय? छत्रीखाली शिरू पाहणारी मुलगी आणि तिला ढकलणारा हात आपण जन्मापासून ओळखतो. पाणवठ्यावर, वर्गाच्या दारात, पंगतीत, भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्यावर हाच हात असतो. या लेखकाने तो एका छत्रीच्या दांड्यावर दाखविला, आणि सात-आठ वर्षांच्या पोरालाही तो दिसला. हे काम सवंग लेखकाचे नव्हे.

तरीही एक बोट ठेवलेच पाहिजे

कौतुक करताना डोळे मिटून घेणे आपल्या चळवळीत बसत नाही. म्हणून वर्कींच्या लेखनातले उणेही सांगितले पाहिजे.

छत्री मिळते ती कशी? चांगली माणसे भेटली म्हणून. न भेटती तर? लिलीला छत्री मिळाली, पण वर्गात आणखी ज्या मुली भिजत येत होत्या त्यांचे काय? वर्कींच्या जगात दुःखावर उतारा म्हणजे कुणाचे तरी मोठे मन. श्रीमंताच्या मुलाचे प्रेम, डोळ्यांत पाणी आलेला बाप, दयाळू अनोळखी माणूस. हक्काची भाषा तेथे क्वचितच ऐकू येते. अय्यनकाळींनी मात्र कुणाच्या मोठ्या मनाची वाट पाहिली नव्हती, त्यांनी संप केला होता.

दुसरे उदाहरण 'वेळुत्त कत्रीना' या कादंबरीचे. नावाचा अर्थ गोरी कॅथरिन. ही पुलया समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबात जन्मलेली गोरी मुलगी. धर्म बदलला तरी जात मागोमाग चर्चमध्ये जाऊन बसते, ही केरळातील जुनी व्यथा आहे. सिरियन ख्रिस्ती वेगळे, पुलया ख्रिस्ती वेगळे. चर्च वेगळे, सोयरीक वेगळी. १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून धर्मांतरितांना वगळले. त्यातून वाट काढावयास बौद्धांना १९९० साल उजाडावे लागले, आणि ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलतींत जागा मिळालेली नाही. एवढ्या मोठ्या जखमेवर एका लोकप्रिय लेखकाने बोट ठेवले, हे त्याचे धाडस. पण वाचकाने तिच्यावर जीव लावावा म्हणून मुलगी गोरी असावी लागली! काळ्या कत्रीनेला नायिका होता आले नसते काय? प्रेमकथांच्या मुखपृष्ठांवर गोऱ्या मुलीच का असतात, हा प्रश्न आपल्या लेकींनी जरूर विचारावा. आणि तो विचारण्यासाठी आधी ते पुस्तक वाचलेले असावे लागते.

मुखपृष्ठ बघून न्याय

अशा पुस्तकांना घरात हरकत असते तशी सरकारदरबारीही असते. आपल्या मराठीत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चंद्रकांत काकोडकर हे नाव वडीलधाऱ्या वाचकांच्या ओळखीचे असेल. फिरत्या वाचनालयांतून त्यांच्या कादंबऱ्या हातोहात जात. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, लेखकाला आणि प्रकाशकाला प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळच्या अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. शेवटी २५ ऑगस्ट १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना दोषमुक्त केले. कथा फार उच्च दर्जाची नसेल, काही ठिकाणी अपरिपक्व असेल, पण म्हणून ती अश्लील ठरत नाही, असा निकालाचा आशय होता. स्त्री-पुरुष संबंधाचा उल्लेख आला की पुस्तक तरुणांस वर्ज्य, असे ठरविले तर तरुणांना फक्त धार्मिक ग्रंथच वाचावे लागतील, असेही न्यायमूर्तींनी बजाविले. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी' या कादंबरीवरचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि गाजला.

दर्जा कमी म्हणजे गुन्हा नव्हे, एवढी साधी गोष्ट ठरावयास सात वर्षे गेली. आपल्या घरात मात्र मुखपृष्ठ बघून एका मिनिटात निकाल लागतो, आणि त्यावर अपीलही नसते.

शेवटचा हिशेब

वर्कींच्या वाटेवरून पुढे पुष्कळ लेखक चालले. कोट्टायमच्या साप्ताहिकांचा खप वाढतच गेला. १९८० नंतरच्या दशकात 'मंगळम' आणि 'मलयाळ मनोरमा' या साप्ताहिकांनी दहा-दहा लाखांचा टप्पा ओलांडला. नावे 'म'ने सुरू होतात म्हणून टीकाकार त्यांना कुत्सितपणे 'म' प्रकाशने म्हणत. या पिकात कस नसलेलेही बरेच उगवले, हे खरे. पुढे घरोघर दूरचित्रवाणीच्या मालिका आल्या आणि रोज संध्याकाळी फुकट रडावयास मिळू लागले, तेव्हा साप्ताहिकांचा वाचक ओसरला. पण वाचण्याची सवय लागलेला माणूस रोजचे वर्तमानपत्र सोडत नाही, वाचनालयाची पायरी विसरत नाही. केरळात गेलेल्या कुणालाही ते दिसते.

२८ मे १९८९ रोजी मुट्टत्तु वर्की वारले. त्यानंतर एक महिना उलटण्याच्या आत, २५ जून १९८९ रोजी, कोट्टायम हे देशातले पहिले संपूर्ण साक्षर शहर म्हणून जाहीर झाले. १८ एप्रिल १९९१ रोजी सगळे केरळ राज्य साक्षर घोषित झाले. ते श्रेय शिक्षकांचे, कार्यकर्त्यांचे, स्वयंसेवकांचे आणि त्याहूनही, उतारवयात पाटी हाती धरणाऱ्या आयाबायांचे. त्यात एका प्रेमकथा लिहिणाऱ्याचा वाटा किती, याचा आकडा कोणत्याही अहवालात सापडावयाचा नाही. पण वाचता येणे आणि वाचावेसे वाटणे यांत जे अंतर आहे, ते अशाच लेखकांनी भरून काढलेले असते.

आणखी एक गोष्ट. वर्कींच्या नावाने साहित्य पुरस्कार सुरू झाला. १९९२ सालचा पहिला पुरस्कार ओ. व्ही. विजयन यांना मिळाला, पुढे बशीर आणि एम. टी. वासुदेवन नायर यांनाही मिळाला. ज्यांना विद्वान डोक्यावर घेतात असे हे लेखक. त्यांना 'पैंकिळी'वाल्याच्या नावाचा सन्मान घेताना कमीपणा वाटला नाही. खालच्या पायरीची लाज वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याला वाटत नसते, ती वाटते जिन्यातच अडकलेल्याला!

आपल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दुकानात पुड्या बांधावयास आणलेल्या रद्दीतून त्या वाचत. लिहिलेल्या वह्या नवऱ्यापासून लपवून ठेवीत. ते लिखाण १९८६ साली 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकरूपाने आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की रद्दी वाचणारी बाई काय करू शकते. त्या रद्दीत कोणत्या दर्जाचे साहित्य आहे, याची चौकशी कुणी केली होती काय?

तेव्हा वस्तीतल्या वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच. बाबासाहेबांचे ग्रंथ, अण्णाभाऊंची 'फकिरा', दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई, ऊर्मिलाताई हे सारे कपाटात असलेच पाहिजे. पण त्याच कपाटाच्या खालच्या, हात पोहोचेल अशा फळीवर चार प्रेमकथाही असू द्या. जी मुलगी ती फळी रिकामी करील, तीच उद्या टाचा उंचावून वरच्या फळीला हात घालील.

आणि भाऊराया, फळीवर टाकलेले ते पुस्तक खाली काढा, बहिणीच्या हातात द्या आणि तिला विचारा, "पुढं काय झालं गं त्या मुलीचं?" ती सांगेल. कदाचित रात्रभर सांगेल. ऐकता ऐकता आज चहा मात्र तुम्हीच ठेवा.

जयभीम!